भादरलेली मिशी

"मिशी कुठाय?" ओटिलीने हातातला कर्णा खाली आपटला. "कालपर्यंत तिच्यावर ताव मारत होतास!"

हार्लन टीग घोड्याचं खोगीर आवळत होता. अख्खा कॅलिफोर्निया त्याच्या मिशीवर फिदा होता. "भादरली," तो म्हणाला. "उकडत होतं."

"एकच दृश्य राहिलं होतं रे गाढवा! तेवढं थांबवलं नाही तुला?"

"बाई, कॅमेरा लावा. गुरं आवरेनात."

ओटिलीचं आधीच डोकं उठलं होतं. काल संध्याकाळी स्टुडिओचा मालक फेल्प्स सांगून गेला होता, दिग्दर्शक म्हणून पडद्यावर हार्लनचं नाव येईल. म्हणे, बाईने काढलेला गुराख्यांचा सिनेमा बघायला कोण फिरकणार? चार महिने तिने वाळवंटात धूळ खाल्ली. खड्डा खणून त्यात कॅमेरा घेऊन बसली आणि डोक्यावरून चाळीस घोडे उडवले. असं धाडस कुण्या बाप्याने केलं नव्हतं. आता नावच नाही म्हटल्यावर पुढचा सिनेमा तिला कोण देणार? फेल्प्स हे सांगत होता तेव्हा हार्लन तिथेच उभा होता. हूं की चूं केलं नाही त्याने. पहिल्या दिवशी तिला 'शिवणकाम बघा' म्हणणारा हाच तो.

तिने कॅमेरा त्याच्या चेहऱ्याशी नेला. कॅमेरावाला नेहमीसारखा कुरकुरला. "बाई, पाय दिसत नाहीत. लोक अख्खा हीरो बघायला येतात."

"मला डोळे हवेत."

दृश्यात हीरोने म्हाताऱ्या घोड्याचा निरोप घ्यायचा होता. हार्लनने घोड्याची मान धरली, वर पाहिलं, ओठ हलवले. दोनशे गुरांच्या हंबरण्यात ओटिलीला एक अक्षर ऐकू आलं नाही. मिशीची भानगड तिने या दृश्याच्या आधी पडद्यावर 'तीन वर्षांनंतर' अशी पाटी घालून निस्तरली.

पहिल्या खेळाला ती शेवटच्या रांगेत बसली. ती कायम तिथेच बसायची, तिथून लोकांच्या माना दिसतात. पहिल्या रांगेत बहिऱ्यांच्या शाळेतल्या शिक्षिका होत्या, स्वतःही बहिऱ्या. मूकपटात कोण ऐकतंय म्हणून मागच्या सिनेमात हार्लनने घोड्याला आईमाईवरून शिव्या घातल्या होत्या. त्यावर या बायांचं पत्र आलं होतं : 'आम्ही ओठ वाचतो. आपल्या मिशीमुळे निम्म्याच शिव्या कळल्या, देवाचे आभार.' ते पत्र वाचून वाळवंटातला सगळा तळ खो खो हसला होता. या वेळी हार्लनने त्यांना स्वतः पास धाडले होते. माफी मागत असेल, असं ओटिलीला वाटलं.

घोड्याचा निरोप आला. पाटी झळकली : 'चल गड्या, वरच्या कुरणात भेटू.' लोक मुसमुसू लागले.

आणि पहिली रांग उठून उभी राहिली. पडद्याकडे पाठ केली. त्या बायांनी टाळ्यांऐवजी पांढरे रुमाल काढले आणि मागे बघून हलवायला लागल्या. पियानो थांबला.

"काय चाललंय हे?" फेल्प्स ओरडला. एकीने कागदावर काहीतरी खरडून त्याच्या हातात दिलं. सगळं थिएटर त्याच्याकडे बघत होतं. हार्लनचं कौतुकच असणार, या खात्रीने त्याने ते खड्या आवाजात वाचलं :

"पडद्यावर तो म्हणाला, 'हा सिनेमा मी नाही केला. जिने केला ती शेवटच्या रांगेत बसलीय. जरा मागे वळून बघा.'"