डब्यातला छर्रा

"त्याला हात लावू नगंस," आकाराम मिस्त्री म्हणाला. पिराजीनं उचललेली दांडी परत फडक्यावर ठेवली.

कामाचा चौथा दिवस होता. त्र्यंबकराव वकिलांची जीप शेडमध्ये पोट उघडं टाकून उभी होती आणि तिचा ड्रायव्हर पिराजी पहिल्या दिवसापासून खोक्यावर बसून होता. जीप लढाईनंतरच्या लिलावातली. दुसऱ्या गिअरचे दाते पार झिजले होते. आकारामनं गिअरबॉक्स उतरवून पुरता सुटा केला होता आणि एका मोडीतल्या जीपचे नुसते गिअर आणून त्यात बसवले होते.

सुटलेला प्रत्येक बारका भाग तो पत्र्याच्या डब्यात, रॉकेलमध्ये टाकायचा. बसवताना त्यातूनच एकेक उचलायचा. त्याला लिहायला-वाचायला येत नव्हतं, त्यामुळं डबा हीच त्याची यादी. डबा रिकामा झाला की काम पुरं. पहिल्या दिवशी पिराजीनं याची थट्टा केली होती. आता तोच दर घटकेला विचारत होता, डब्यात किती ऱ्हायलं?

शेवटी दोन छर्रे, वाटाण्याएवढ्या पोलादी गोळ्या, उरले. गिअर बदलायच्या दांड्या दोन. प्रत्येकीच्या खाचेत एक छर्रा, मागून स्प्रिंगचा दाब.

"ह्यो नसला तर?" पिराजीनं विचारलं.

"गिअर पडंल, पण टिकायचा न्हाय. उतारावर आपसूक निसटंल." आकारामनं त्याच्याकडं तिरकं पाहिलं. "तुला काय त्याचं. तू उतार आला की न्यूट्रलच करतोस."

पिराजी हसला. पेट्रोल वाचतं, म्हणाला, मालकबी खूश. आकारामनं त्याला बजावलं की घाटात गाडी गिअरातच उतरवायची, नाहीतर एक दिवस ती तुझं ऐकायची नाही.

तेवढ्यात आकारामची बायको तानाबाई चहा घेऊन आली. चहा निवतोय म्हणून तिनं घाई केली. आकारामनं हात पुसले, चहा प्याला, मग काम पुरं केलं. गिअरबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पंच ठोकून दोन ठिपके मारले. ती त्याची सही.

तीन आठवड्यांनी जीप पन्हाळ्याहून परतताना वाघबिळाच्या उतारावर दरीत गेली. त्र्यंबकराव जागीच गेले. पिराजीचा पाय मोडला आणि त्याच्यावर खटला झाला. तो एकच सांगत राहिला, गिअर आपसूक निसटला. कुणी ऐकेना.

जामिनावर सुटल्यावर तो शेडमध्ये आला. कुबडी भिंतीला टेकवून त्याच खोक्यावर, डब्याशेजारी बसला. घरात दोन लहान पोरी होत्या. तुरुंगात गेलो तर त्या कुणाच्या दारात बसतील, असं काहीतरी पुटपुटला.

"मिस्त्री, तुमच्याकडनं काय ऱ्हायलं तर न्हाय?" एवढंच त्यानं विचारलं, तेही खाली मान घालून.

आकारामला राग आला नाही. सुजलेला पाय बघून तो आत गेला आणि लावायला तेल घेऊन आला. पिराजी निघायला उभा होता. तेलाची बाटली त्यानं दोन्ही हातांनी घेतली.

तो गेल्यावर आकारामनं डबा उचलला. त्या कामानंतर दुसरा गिअरबॉक्स शेडमध्ये आलाच नव्हता. तळाला उरलेलं काळं रॉकेल त्यानं हळूच ओतलं.

छर्रा टणकन फरशीवर पडला.

तानाबाईला समजायला वेळ लागला नाही. "माझ्याच च्याला घाई झालती," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "रंकाळ्यात टाकून या. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय की."

दोन रात्री तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून कोर्टात गेला, छर्रा पुढं ठेवला आणि चूक माझी हाय, म्हणाला. आपलीच चूक एवढ्या स्वच्छ शब्दांत सांगणारा माणूस समोर असल्यावर गिअरबॉक्स उघडून बघावा असं कुणालाच वाटलं नाही. पिराजी सुटला. आकारामला किरकोळ दंड झाला, पण गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. माणूस मारलेल्या मिस्त्रीकडं गाडी कोण लावणार? तो सायकलींची पंक्चरं काढू लागला. वकिलीणबाई रस्त्यात दिसल्या की तो गल्ली बदलायचा. तो छर्रा त्यानं कोर्टातून परत मागून घेतला होता, सदऱ्याच्या खिशात ठेवायचा. तानाबाईनं काम चालू असताना चहा आणणं कायमचं सोडलं.

पिराजी लंगडत का होईना, ट्रक चालवू लागला. दर दिवाळीला गुळाची एक ढेप न चुकता पाठवायचा. स्वतः मात्र कधी आला नाही. माणूस जाण ठेवणारा हाय, असं तानाबाई ढेप फोडताना दरवर्षी म्हणायची.

पाच वर्षांनी पोलिसांच्या आवारात गंजलेली ती जीप मोडीत निघाली. भंगारवाल्या गुंडूनं तिचा गिअरबॉक्स हातगाडीवरून आणून शेडमध्ये ठेवला. गिअर चालण्यासारखे असतील तर काढून घे, म्हणाला. जीप कुणाची होती हे त्याला ठाऊक नव्हतं.

आकारामनं झाकण उघडलं. आत दोन ठिपके होते.

त्यानं ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. मग त्यानं खिशातून छर्रा काढला. निदान आता तरी त्याला त्याच्या जागी बसवावं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं पहिली स्प्रिंग काढली. खाचेत छर्रा होता. म्हणजे दुसरी. गंजलेली स्प्रिंग त्यानं पक्कडीनं ओढली.

तिथंही छर्रा होता.

तिसरा त्याच्या तळहातावर होता.