घरचे प्रेक्षक

भिंतीवर चादर ताणून चिमीने दिवे मालवले. तिची पहिली फिल्म सुरू झाली.

"अगंबाई, ही तर आपली किटली!" आई म्हणाली.

"आणि माझा स्वेटर. तरीच सापडत नव्हता!" दादा ओरडला.

गोष्ट आई आणि मावशीच्या अबोल्याची होती. चिमीने मैत्रिणींना बहिणी केलं होतं. शेवटी धाकटी बहीण दाराबाहेर उभी होती आणि मोठीचा हात आतून कडीवर. कडी सरकण्याआधीच भिंतीवर अंधार झाला.

"मी तर लगेच उघडलं होतं," आई म्हणाली.

"लगेच कुठलं, ताई? चांगली कुडकुडत ठेवलीस." मावशी हसता हसता डोळे पुसत होती. "पण चिमे, थेट आमचंच गं! फार छान."

चिमी हसली नाही. "आपलं आहे म्हणून छान, की खरंच छान?"

"त्यात काय फरक?" मावशीने विचारलं.

"दादा, दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर?"

"तर मी घोरत असतो," दादा म्हणाला. सगळे खो खो हसले.

स्पर्धेला फिल्म पाठवायचा उद्या शेवटचा दिवस होता. चिमीने दिवा लावला. "नाही पाठवत मी. तिथे आपली किटली कोण ओळखणार?"



इतक्यात उघड्या दारात कुणीतरी खाकरलं. वरच्या मजल्यावर नवे राहायला आलेले काका होते. उभं आयुष्य जहाजावर गेलेलं, घर असं नाहीच. ना बहीण, ना भाऊ. आवाज कमी करा म्हणून सांगायला खाली उतरले होते, ते फिल्म बघत बराच वेळ तिथेच खिळले होते; घरच्यांचं बोलणं त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं.

"माफ करा हं," आई गडबडली. "आवाज फारच..."

"आवाजाचं राहू द्या हो." काका अजून चादरीकडेच पाहत होते. "मग उघडलं का तिने?"

"कुणी?"

"त्या मोठीने! ती धाकटी किती वेळ उभी राहणार बाहेर, एवढ्या थंडीत?"

आईने सांगायला तोंड उघडलं. मावशीनेही.

"कुणी काही सांगायचं नाही!" चिमी ओरडली आणि काकांसाठी खुर्ची ओढायला धावली.