दुसरी कॉपी

"दोन कॉप्या करून ठेवल्या होत्या मी, दोन. आणि तू एका फटक्यात सगळं मातीत घातलंस."

दादा जेवणाच्या टेबलापाशी उभा राहून धाकट्या बहिणीला झापत होता. टेबलावर हार्ड डिस्क पडलेली. काल कपाट आवरताना ती धाकटीच्या हातून फरशीवर आपटली. आज दुरुस्तीवाल्याने हात वर केले. बाबांचे सगळे फोटो त्यात होते, आणि बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं.

धाकटीचे डोळे रडून सुजले होते, तरी दादाच्या तोंडाचा पट्टा चालूच. एक गोष्ट धड सांभाळता येत नाही, लहानपणापासून धांदरट ती धांदरटच, बाबांच्या वेळीसुद्धा तू... तेवढ्यात आईने त्याच्याकडे बघितलं, म्हणून पुढचं त्याने गिळलं.

घरातला कॉम्प्युटरवाला शहाणा तोच. बाबा गेल्यावर त्याने सगळ्यांचे फोन गोळा केले, फोटो डिस्कवर चढवले आणि फोनमधून उडवले. एका जागी असले की चिंता नाही, म्हणाला. हललेले, डोळे मिटलेले, मध्ये बोट आलेले त्याने घेतलेच नाहीत. हा कचरा तुमचा तुम्ही उडवा, म्हणाला.

धाकटीने नाक पुसलं. "मग दुसरी कॉपी लाव ना, दादा. कुठंय ती?"

दादाने टेबलावरची डिस्क उगाच सरळ करून ठेवली.

"त्यातच," तो म्हणाला. इतक्या हळू, की तिने परत विचारलं. मग सांगावंच लागलं. त्याच डिस्कवर, शेजारच्या फोल्डरमध्ये.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आई आत जाऊन आपला जुना फोन घेऊन आली. कचरा तिने उडवलाच नव्हता. बाबा शिंकताना. अर्धे बाबा, अर्धं बोट. बाबा एवढे हसतायत की चेहरा नुसता फराटा झालाय. धाकटी रडता रडता खुदकन हसली.

दादाने हात पुढे केला. दे, म्हणाला, या वेळी दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवतो, एक ऑनलाइन पण.

"तू राहू दे, बाळा," आई म्हणाली. अगदी मायेने. आणि फोन धाकटीच्या हातात दिला.

दादाने पायात चपला सरकवल्या.

"मला निघायला हवं आता," तो म्हणाला.

तो याच घरात राहायचा.