मडगार्डवरचा ठसा

"गॅरेजमध्ये एकच गाडी राहील, असं जॉइसने बजावलंय," लेलंड म्हणाला. "बायकोपुढे माझं काय चालतं? तूच सांग, कुठली काढू?"

क्लेटनने दोन्ही गाड्यांकडे पाहिलं. एक २०१८ची डीमन, आठशे चाळीस घोड्यांच्या ताकदीची, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. दुसरी लेलंडने नुकतीच विकत घेतलेली १९७०ची हिरवी शेव्हेल, साडेचारशे घोड्यांची आणि तेवढ्याच खोडींची.

"शर्यतीत नवी हिला धूळ चारेल," तो म्हणाला. "पण जुनीचा आवाज नवीला सात जन्मांत यायचा नाही."

"कौतुक पुरे. खाली वाक."

कशासाठी बोलावलंय, हे क्लेटनला ठाऊक होतं. १९७३च्या ऑक्टोबरात, एड्रियन गावाबाहेर, अशाच एका हिरव्या शेव्हेलने लेलंडच्या बहिणीला उडवलं. गाडी थांबलीही नाही. बॉनी गेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. शेजाऱ्याने गाडी पाहिली, पण नंबर नाही. पोलिसांनी हात टेकले, लेलंडने टेकले नाहीत. वीस वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांच्या मेळ्यात टोलीडोच्या क्लेटनशी त्याची गाठ पडली. सुट्या भागांवरचे कारखान्यातल्या तारखांचे ठसे वाचण्यात क्लेटनचा हात धरणारं कोणी नव्हतं. तेव्हापासून हिरवी शेव्हेल दिसली, की दोघे तिच्याखाली. त्या गाडीचं धडकेत चेपलेलं उजवं मडगार्ड नंतर बदललेलं असणार. त्यावर त्र्याहत्तरचा ठसा निघाला, की ती सापडली. आजवर तीसेक गाड्या तपासून झाल्या होत्या.

"ही शेवटची," लेलंड म्हणाला. "माझ्या डोळ्यांना आता ते बारीक आकडे दिसत नाहीत. ही नसली, तर सोडून देतो सगळं. नवीचं प्लास्टिक काढीन, नातवंडांना फिरवीन. थकलो रे."

क्लेटन टॉर्च घेऊन आडवा झाला. मडगार्डच्या आतल्या कडेवरचा गंज त्याने अंगठ्याने पुसला. ठसा स्वच्छ होता. नोव्हेंबर १९७३.



"झोपलास की काय?"

"सत्तर," क्लेटन म्हणाला. "सगळं सत्तरचंच. ही नव्हे ती."

लेलंड डीमनला टेकून उभा राहिला. रडला नाही, नुसता खांद्यांतून खाली आला. क्लेटनला ते बघवेना. पण आता खरं सांगून बॉनी थोडीच परत येणार होती!

"नवी ठेव," तो म्हणाला. "जुनी मी नेतो. आत्ताच."

"ने बाबा. मला ती डोळ्यांसमोर नको. थांब, किल्ली घरात आहे."

लेलंड पाय ओढत घरात गेला. क्लेटनने मागच्या चाकावरच्या पत्र्याआड हात घातला, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, बाविसाव्या वर्षी, स्वतःच तिथे चिकटवलेली लोहचुंबकाची डबी ओढून काढली आणि तिच्यातल्या किल्लीने दार उघडलं.