खैराच्या माळाची वाट

“ताम्हिणी चढून गेलात की मोठ्या रस्त्याने सरळ सुटायचं नाय,” हैबतराव म्हणाले आणि त्यांनी कागदावर पेन्सिलीने एक वळण काढलं. “तुमी उजवीकडे धरा. गाड्या कमी, डोंगर जास्त.”

शिवा आणि पोपट पुढे वाकून बघत होते. शिवा हैबतरावांच्या बायकोच्या, गिरजाबाईंच्या बहिणीचा मुलगा. पेणला रामवाडीत त्याचं टायरचं दुकान होतं. पोपट त्याचा कोलाडचा दोस्त. आणखी दोघं धरून चौघं जाणार होते. दोन जीप, तंबू, पाच दिवस. आडवाटेने गाडी चालवायची आणि रात्री माळावर राहायचं.

त्या वाटा रोह्यात हैबतरावांइतक्या कुणालाच ठाऊक नव्हत्या. एसटीत एकोणतीस वर्षं काढलेली, त्यातली निम्मी घाटावरच्या वस्तीच्या गाड्यांवर. निवृत्त झाल्यापासून कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. आज दोघंजण खास विचारायला आले होते, म्हणून त्यांनी सकाळीच पेन्सिलीला टोक काढून ठेवलं होतं.

“पहिला मुक्काम धरणाच्या कडेला. दुसरा वेल्ह्याच्या पुढे. तिसरा मात्र इथे, खैराच्या माळावर.” त्यांनी तिथे फुली मारली आणि शेजारी झरा दाखवला. “पहाटे खालची दरी धुक्याने भरते. काही करायचं नाय. चहा घ्यायचा आणि बसायचं.”

“जनावर हाय ना तिथं?” पोपटने विचारलं.

“हाय की. भेकरं येतात झऱ्यावर. गप बसलात तर दिसतील.”

शिवा हसला. गिरजाबाईंनी पुढे ठेवलेली कोथिंबिरीची वडी तोंडात टाकून त्याने मोबाइल काढला. “काका, हे बघा. गेल्या वर्षीचं.”

जीपच्या बॉनेटवर भेकराची मादी आडवी टाकलेली होती. पोट उभं फाडलेलं. तिच्या शेजारी दोन पिल्लं मांडली होती, ओली, डोळे मिटलेली, मुठीएवढ्या डोक्यांची. एकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला होता.

“जुळी निघाली,” शिवा वडी चावत म्हणाला. “चष्मा पोपटचा.”

पोपट खुसखुसला. शिवाच्या तेलकट बोटांचे ठसे काचेवर उमटले होते आणि त्याच बोटाने तो पुढचे फोटो सरकवत होता. हैबतरावांनी मान वळवली. दारात गिरजाबाई उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं होतं.

मग हैबतरावांनी पेन्सिल पुन्हा उचलली.

“माळावर कधी पोचणार?”

“चौदा मार्चला, संध्याकाळी.”

“बंदूक कुठल्या गाडीत? वाटेत चेकनाका हाय, म्हणून विचारतो.”

“मागच्या. स्टेपनीच्या खाली.”

“बरं,” म्हणत हैबतरावांनी दोन्ही जीपचे नंबरही विचारून घेतले आणि उरलेली वाट काढली. कुठे चढ आहे, कुठे नदीतून गाडी घालावी लागते, सगळं नीट लिहून दिलं. निघताना शिवा त्यांच्या पाया पडला. त्याचा हात पायाला लागला तसे हैबतराव शहारले.

गिरजाबाईंनी ताटल्या दोनदा घासल्या. मग पोपटची ताटली उचलून मागच्या दारी ठेवली. “ही उद्या भंगारात.”

हैबतरावांनी पेन्सिल खिशात ठेवली.

“माझ्या बहिणीचा पोर म्हणून मी गप बसले,” त्या म्हणाल्या. “तुमी कशाला बसलात? वर वाट काढून दिलीत. मला तर तुमच्या हाताचीबी शिसारी आली.”

मनातलं बायकोला सांगितलं तर ती बहिणीला सांगेल, हे हैबतरावांना ठाऊक होतं. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. त्या दोन दिवसांत त्यांनी दुसऱ्या कागदावर तोच नकाशा पुन्हा काढला.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते निघाले. दोनदा गाडी बदलून दुपारी त्या माळाकडच्या वनखात्याच्या कचेरीत पोचले. पायऱ्यांवर जरा थांबले. मेव्हणीच्या घरी पुन्हा कधी पाऊल टाकता येणार नव्हतं. मग ती चष्मा घातलेली पिल्लं डोळ्यांसमोर आली आणि ते आत गेले.

साहेब पन्नाशीचे, कडक इस्त्रीच्या गणवेशातले, शांत. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. हैबतरावांनी सगळं सांगितलं. शिवा, पोपट, तारीख, दोन्ही जीपचे नंबर, स्टेपनीखालची बंदूक. पिल्लांचं सांगताना त्यांनी डोळे पुसले.

“पाणी घ्या,” साहेब म्हणाले. त्यांनी उठून दार लावून घेतलं. “हे अजून कुणाला सांगितलंत?”

“बायकोलाबी नाय.”

“बरं केलंत.”

हैबतरावांनी खिशातून नकाशा काढून टेबलावर पसरला. तीन दिवसांनी त्यांना पहिल्यांदाच हलकं वाटत होतं. साहेबांनी तो आपल्याकडे फिरवून घेतला आणि वाटेवरून सावकाश बोट नेलं. खैराच्या माळावर ते थांबलं.

“या झऱ्याला मार्चमध्ये पाणी असतं ना नक्की?” त्यांनी विचारलं. “गेल्या वर्षी शिवाने नेलं, तिथे पाण्यावाचून फार हाल झाले आमचे.”