तिसरं पाऊल

फेझ शहरातल्या तांबट आळीत माझं पितळी किटल्यांचं दुकान आहे. माझ्या मुलीने, घिताने, हट्टाने ते मेटाव्हर्समध्येही थाटलं. गिऱ्हाईक आपल्या घरी चष्मा लावून बसणार आणि त्याचं बाहुलं माझ्या दुकानात हिंडणार.

महिनाभर मीही तो जाडजूड चष्मा लावून बसलो. बाहुलं यायचं, किटलीचा भाव विचारायचं. मी नऊशे दिरहम म्हटलं की "महाग आहे" म्हणून जागच्या जागी गायब! आळीतलं गिऱ्हाईकही असंच पाठ फिरवतं, पण त्याच्या तिसऱ्या पावलाला मी हाक मारतो आणि किटली सहाशेला जाते. इथे पावलंच नाहीत, तर डोंबलाची हाक मारणार!

"बाबा, मग आधीच सहाशे सांगा ना," घिता म्हणाली.

"आणि घासाघीस न करताच विकू? किटली फुटकी आहे असं वाटेल लोकांना!"

शेवटी तणतणत त्या चष्म्यातल्या दुकानाचं भाडं घेणाऱ्या कंपनीच्या कचेरीत गेलो. म्हटलं, "दुकानाचं भाडं कमी करा, नाहीतर गुंडाळा ते."

टायवाला साहेब गालात हसला. "हाजी, आमचा भाव जगभर एकच असतो. घासाघीस ही जुन्या बाजारातली खोड. आता नवीन जग आलंय."

मी चष्मा त्याच्या टेबलावर आपटला आणि दाराकडे निघालो. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं टाकलं.

 

"अहो हाजी, थांबा तरी! निम्म्यात करू!"