दहापैकी चार

हंगाम सुरू होण्याआधी मी प्रत्येक खेळाडूची स्मरणशक्ती तपासून ठेवते. दहा शब्द वाचून दाखवायचे आणि वीस मिनिटांनी विचारायचे. पुढे डोक्याला मार बसला की पुन्हा तीच चाचणी. आकडा जुळला तर मैदान, घसरला तर घर.

फुटबॉल संघाच्या या गोलकीपर पोरीला हंगामाआधी चारच शब्द आठवले होते. नंतर दोनदा डोकं आपटून आली, दोन्ही वेळा चारच भरले. मीही 'खेळायला हरकत नाही' लिहून सही ठोकली.

आज ती तिसऱ्यांदा डोकं आपटून आली. आजही चार.

"बघा, पोरगी ठणठणीत! आकडा तसूभर हलला नाही," तिचे वडील म्हणाले आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेले.

दार लागताच ती म्हणाली, "मॅडम, हंगामाआधी आणि नंतरच्या दोन्ही वेळा मी मुद्दाम सहा शब्द गाळले होते. आधीच कमी सांगितलं की पुढे घसरल्याचं कळत नाही, असं बाबा म्हणाले होते."

"मग आजही गाळलेस?"

तिने नकारार्थी मान हलवली. "आज दहाच्या दहा सांगायचे ठरवून आले होते."